लग्नाआधीची चार वर्षे

मराठी कथा-कादंबरीतली मुलगी 'मी कोण' असे केव्हा विचारू लागली, हे शोधताना मी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली.

पहिले, हरि नारायण आपटे यांचे 'पण लक्षांत कोण घेतो!'. १८९० पासून ते 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागले. ते चालू असतानाच, १८९१ मध्ये, कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर नेले. यमू आपली कहाणी स्वतः सांगते, नवऱ्याच्या आधाराने शिकते. पण तिचे बालपण संपण्याआधीच सासर सुरू होते. मधे स्वतःचा असा काळच नाही. वैधव्यानंतर तर डोक्यावरच्या केसांवरही तिचा हक्क उरत नाही.

दुसरे, १९३३ चा कथासंग्रह 'कळ्यांचे निःश्वास'. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचे विवाहवय १४ ठरवले होते; पण या कथांतल्या तरुणींना लग्नाआधीचा काळ मिळाला तो मुख्यतः शिक्षणामुळे. त्या काळात त्यांना स्वतःच्या इच्छा कळू लागतात, आणि त्यांची किंमतही. लेखिका बाळूताई खरे यांना मात्र 'विभावरी शिरूरकर' या नावाआड राहावे लागले.

यमूचा 'मी' पुरुषाने लिहिला. बाळूताईंनी मुलींचे मन स्वतः लिहिले, पण नाव झाकून. म्हणून मला वाटते, हा प्रश्न पडायला मुलीला आधी लग्नापूर्वीची चार वर्षे लागतात. उत्तर स्वतःच्या नावाने छापायला त्याहून कितीतरी अधिक.