काउफमान, वाल्टर

(१ एप्रिल १९०७ – ९ सप्टेंबर १९८४). मुंबईत बारा वर्षे वास्तव्य केलेला यूरोपीय पियानोवादक, संगीतरचनाकार, वाद्यवृंदसंचालक, संगीतशिक्षक व संगीतशास्त्रज्ञ. आकाशवाणीची सर्वपरिचित ओळखधून त्याने रचली, असे सामान्यतः मानले जाते.

त्याचा जन्म बोहीमियातील कार्ल्सबाट (सध्याचे कार्लोव्ही व्हारी, चेक प्रजासत्ताक) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनच्या संगीतविद्यालयात फ्रांट्स श्रेकर ह्याच्याकडे त्याने रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास करून गुस्टाव्ह मालर ह्याच्या सिंफनींवर त्याने प्रबंध लिहिला; पण आपला एक प्राध्यापक नाझी संघटनेत असल्याचे कळताच त्याने डॉक्टरेट नाकारली. जर्मनीत १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू कलावंतांना तेथील रंगमंच बंद झाले. काउफमान फेब्रुवारी १९३४ मध्ये मुंबईत उतरला. हिंदुस्थानच का निवडला, ह्याचे त्याने दिलेले कारण अगदी साधे होते : येथे येण्याचा परवाना सहज मिळत होता. फार काळ राहण्याचा त्याचा विचार नव्हता; प्रत्यक्षात तो १९४६ पर्यंत येथेच राहिला.

येताच त्याने भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकल्या. त्या त्याला अगदी परक्या व अनाकलनीय वाटल्या. त्या काळच्या बहुतेक यूरोपीय श्रोत्यांची मजल येथेच संपत असे. काउफमानने मात्र निराळा विचार केला : हे संगीत बुद्धी व हृदय असलेल्या माणसांनी निर्माण केले आहे आणि असंख्य लोकांना ते प्रिय आहे, तेव्हा उणीव संगीतात नसून ऐकणाऱ्यात असावी. त्याचे पुढील सर्व संशोधन ह्याच एका निष्कर्षातून वाढले, असे म्हणावयास हरकत नाही.

उपजीविकेसाठी त्याला अनेक कामे करावी लागली. त्याने शिकवण्या केल्या, मोहन भवनानी ह्यांच्या चित्रपटांसाठी संगीत दिले. मे १९३४ मध्ये त्याने ‘बाँबे चेंबर म्यूझिक सोसायटी’ स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिच्या मैफली होत आणि तीन वर्षांत त्यांची संख्या १३६ वर गेली. काउफमान पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर व एदिज्यो व्हेर्गा चेलोवर, असे त्यांतील एक त्रिवादन होते. मेहता ह्यांचे चिरंजीव झुबिन हे पुढे जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झाले.

काउफमान १९३७ ते १९४६ ह्या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर यूरोपीय संगीताचा प्रमुख होता. अनसूया ही त्याची नभोवाणी-संगीतिका १९३८ मध्ये तेथून प्रसारित झाली. ओळखधून त्याआधीची, १९३६ च्या सुमाराची आहे. तंबोऱ्याच्या अखंड सुरावर व्हायोलिनची लहानशी सुरावट, एवढाच तिचा विस्तार. तिचा संबंध शिवरंजनी रागाशी जोडला जातो. मुंबईपासून सांगली-आष्ट्यापर्यंतच्या घरांत कित्येक पिढ्यांची सकाळ ह्या धूनने उजाडली, मात्र रचनाकाराचे नाव त्यांतील फारच थोड्यांच्या कानी गेले असेल.

भारतात असतानाच त्याने गोंड व बैगा ह्यांच्या लोकगीतांवर अभ्यासलेख लिहिला (१९४१). रागसंगीताचे त्याचे विवेचन ग्रंथरूपाने बऱ्याच उशिरा आले. द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया (१९६८) ह्या ग्रंथात पं. विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या दहा थाटांनुसार रागांची मांडणी केलेली असून चलने पाश्चात्त्य स्वरलिपीत दिली आहेत. मींड, आंदोलने, श्रुतींचे सूक्ष्म भेद हे ह्या लिपीत पुरते मावत नाहीत, ही मर्यादा खरीच. तथापि गुरुमुखातून शिकण्याची सोय नसलेल्या परदेशी अभ्यासकाला भातखंडे पद्धतीची ओळख करून देण्याचे मोठे कार्य ह्या ग्रंथाने केले. द रागाज ऑफ साउथ इंडिया (१९७६) हा त्याचा जोडग्रंथ. म्यूझिकल नोटेशन्स ऑफ द ओरिएंट (१९६७) ह्या ग्रंथात आशियातील विविध स्वरलेखनपद्धतींचा परामर्श आहे.

भारत सोडल्यावर काही काळ इंग्लंडमध्ये राहून तो १९४७ मध्ये कॅनडात गेला. हॅलिफॅक्स येथे त्याने पियानोचे अध्यापन केले व १९४८ पासून विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचे संचालन केले. १९५७ मध्ये तो अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचा प्राध्यापक झाला. ब्लूमिंग्टन येथे त्याचे निधन झाले.