मोर्तब आणि संगणकाची खाजगी वाट



१७९० च्या सप्टेंबरात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्यास वेढा घातला. किल्ला हाती आला तो १७९१ च्या एप्रिलात. अशा दीर्घ मोहिमा पत्रांवर चालत, आणि जासुदाला जावे लागे ते सर्वांच्याच वाटेने. पत्र वाटेत पकडले जाण्याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती मजकुरात कोणी भर घालील ही. म्हणून आपल्या राजपत्रांत मजकूर संपला तेथेच मोर्तब उमटवीत. त्यापुढे कोणास एक ओळही वाढवता येत नसे. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो.

इंटरनेट हीदेखील सर्वांचीच वाट होय. हुबळीची कचेरी आणि धारवाडची शाखा यांत अंतर सुमारे २० किलोमीटर. परंतु त्यांचा मजकूर अनेक परक्या यंत्रांतून जाऊ शकतो. मजकूर कुलूपबंद करून याच वाटेत आपली खाजगी वाट काढणे, हे व्हीपीएनचे कार्य. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून संकेतशब्द चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी एसएसएच रचले. दूरच्या सर्व्हरवर निर्धास्तपणे काम करणे त्यामुळे शक्य झाले. २००१ मध्ये जेम्स योनान यांचे ओपनव्हीपीएन आले आणि २०२० मध्ये जेसन डोनेनफेल्ड यांच्या वायरगार्डला लिनक्सच्या गाभ्यातच स्थान मिळाले.

परंतु वाट सुरक्षित होते की नाही, हे बरेचसे ती आखतानाच ठरते. सॉफ्टवेअर वितरकाच्या अधिकृत भांडारातून घ्यावे आणि त्यावरील अंकीय स्वाक्षरी पडताळावी. हे आजचे मोर्तब. गुप्त चावी त्या त्या यंत्रावरच घडवावी, ती मूळ प्रशासकाखेरीज कोणास वाचता येऊ नये. प्रत्येक माणसास निराळी चावी द्यावी, म्हणजे एक हरवली तर तेवढीच रद्द करता येते. फायरवॉलमध्ये लागेल तेवढेच दार उघडावे.

एवढे करूनही मोर्तब खरे आणि मजकूर सदोष, असा प्रसंग घडलेला आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात, तपासणीचे साधन तक्रार करी म्हणून, ओपनएसएसएलमधील दोन ओळी गाळल्या गेल्या. त्या ओळींवर चाव्यांची यदृच्छता अवलंबून होती. त्यामुळे एका प्रकारच्या व लांबीच्या चाव्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपासच निघू लागल्या. संगणकाला त्या एकेक करून लावून पाहणे म्हणजे खेळच. हा दोष २००८ च्या मे महिन्यात उघड झाला. ज्यांनी स्वाक्षरी काटेकोरपणे तपासली होती, त्यांच्याही सर्व्हरवर तो होताच. ओपनव्हीपीएनच्या चाव्याही त्यातून सुटल्या नाहीत. सुधारित आवृत्ती बसविल्याने जुन्या चाव्या सुधारत नव्हत्या. ज्या ज्या यंत्रांवर त्या नेल्या गेल्या होत्या, तेथून प्रत्येक हुडकून काढून नवी घडवावी लागली.