तळटीप : कळलावी

* लेखकाने वर्णिलेली करवंदीच्या जाळीवरची ‘पेटलेली वेल’ म्हणजे कळलावी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. ही आपल्याकडची बहुवर्षायू रानवेल. वर्षातले बरेच महिने ती जमिनीखाली कंदाच्या रूपात असते, म्हणून उन्हाळ्यात शोधून सापडत नाही. पहिल्या पावसाबरोबर कोंब वर येतो. पानाचे टोक लांबून वळते आणि तेच शेजारच्या फांदीला विळखा घालते. ऐन पावसाळ्यात फूल येते. त्याच्या सहाही पाकळ्या नागमोडी कडांच्या, उलट्या वर वळलेल्या. आधी हिरवट पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. केसरांच्या मधून निघालेली कुक्षीवृंताची काडी जवळजवळ काटकोनात एका बाजूला वळलेली असते. हे मुद्दाम वाकून पाहावे.

कुंपणे, रानाच्या कडा, झुडपांचा आधार, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन तिला मानवते. पाणी साचले की कंद कुजतो. दरवर्षी जुना कंद संपून त्याच्या जागी नवा, बहुधा दुफाटा, तयार होतो. त्यामुळे उपटलेल्या कंदाबरोबर पुढच्या वर्षीची वेलही जाते. औषधासाठी कंद खणून नेल्याने अनेक ठिकाणी ती विरळ झाली, ही खेदाची गोष्ट. लागवड करायची तर बियांपासूनही करता येते. मात्र फुलायला काही वर्षे थांबावे लागते. सर्वांगात, विशेषतः कंद आणि बियांत, कोल्चिसिन हे जहाल विष असते. प्रकरणात पुढे येणारा कंद उगाळून देण्याचा घरगुती उपाय कोणीही करू नये.