केशरोपण

डोक्याच्या मागच्या व बाजूच्या भागांतील केस मुळांसकट काढून टक्कल पडलेल्या जागी लावण्याची, ‘हेअर ट्रान्सप्लांट’ या नावाने परिचित असलेली शस्त्रक्रिया. ती बहुधा फक्त जागा बधिर करून केली जाते.

तत्त्व : पुरुषांमधील नेहमीचे टक्कल आनुवंशिकता आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक यांमुळे पडते. कपाळावरची आणि टाळूवरची केशपुटके (केसांची मुळे धरणाऱ्या सूक्ष्म पिशव्या) या संप्रेरकाने आक्रसतात. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातील केशपुटके सहसा तग धरतात. ती दुसरीकडे लावली तरी हा गुण टिकतो, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले.

इतिहास : जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये व्रणांमुळे केस गेलेल्या जागी केसाळ त्वचेचे छोटे गोल तुकडे बसवल्याचे प्रसिद्ध केले. ओरेंट्राइख यांच्या पद्धतीत हे तुकडे सुमारे ४ मिमी. व्यासाचे असत. प्रत्येकातून केसांचा झुबका उगवे आणि मध्ये मोकळी त्वचा दिसे. परिणामी डोके बाहुलीच्या डोक्यासारखे वाटे. टाळूवरचे केस निसर्गतः १ ते ४ केसांच्या गुच्छांत उगवतात, याचे वर्णन १९८४ मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी केले. अमेरिकेतील बॉबी लिमर यांनी १९८८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली असे गुच्छ सुटे करून लावण्यास सुरुवात केली. सध्याच्या नैसर्गिक दिसणाऱ्या रोपणाचा पाया हाच आहे.

केस काढणे : ‘एफयूटी’ पद्धतीत त्वचेची अरुंद पट्टी काढून जखम शिवतात व पट्टीतून गुच्छ वेगळे करतात, मागे रेषेसारखा व्रण राहतो. ‘एफयूई’मध्ये सुमारे १ मिमी. व्यासाच्या पंचने एकेक गुच्छ काढला जातो. टाके लागत नाहीत; ठिपक्यांसारखे बारीक व्रण उरतात. एकाच भागातून फार गुच्छ काढल्यास तो विरळ दिसू लागतो.

केसरेषा व रोपण : रोपण ओळखू येते ते मुख्यतः पुढच्या केसरेषेवरून. ती सरळ न आखता किंचित नागमोडी ठेवतात आणि प्रौढ पुरुषात कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत मागे घेतात. अगदी पुढे एक-केशी, त्यामागे दोन-केशी आणि आत तीन-चार केसांचे गुच्छ लावल्याने दाटी हळूहळू वाढत गेल्यासारखी दिसते. गुच्छ बसवण्यासाठी दिलेल्या प्रत्येक चिरेचा कोन आजूबाजूच्या केसांवरून ठरतो : पुढे केस पुढच्या दिशेने झुकलेले, कानशिलांवर त्वचेला जवळजवळ चिकटून, तर भोवऱ्यात गोलाकार. कोन चुकल्यास केस दाट असूनही उभे राहतात आणि विंचरून बसत नाहीत.

परिणाम व मर्यादा : लावलेले बहुतेक केस काही आठवड्यांत गळतात, मुळे मात्र जिवंत असतात. ३–४ महिन्यांनी त्यांतून पुन्हा केस फुटू लागतात आणि अंतिम रूप दिसायला सुमारे वर्ष लागते. रोपणाने नवे केस निर्माण होत नाहीत, असलेल्यांची फक्त वाटणी होते. तरुणपणी रेषा फार खाली आणल्यास त्यामागचे मूळचे केस कालांतराने गळून लावलेल्या केसांचे बेट उरते. म्हणून मूळचे केस टिकवण्यासाठी जोडीला मिनॉक्सिडिल किंवा फिनॅस्टेराइड हे औषध दिले जाते. चाई (चट्ट्यांनी केस जाण्याचा विकार) पसरत असताना रोपण टाळतात. भारतात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही शस्त्रक्रिया शल्यक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करणे अपेक्षित आहे.