वाई, मेणवली आणि जिऊबाई

'रविवारी कुठे जाऊ?' असं ऑफिसात कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. वाई! पुण्याहून खंबाटकी उतरली की सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं, थोड्याच वेळात कृष्णा भेटते. बहुतेक लोक मात्र पाचगणीच्या घाईत असतात, वाईत नाश्ता उरकतात आणि पसरणी घाट चढायला लागतात. तसं करू नका राव.

सुरुवात ढोल्या गणपतीपासून करा. मूर्ती प्रचंड आहे, फोटो सगळे तिचेच काढतात. पण देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांनी तरी हे बघायलाच हवं :)

देऊळ बांधलं गणपतराव भिकाजी रास्त्यांनी, १७६२ मध्ये. आता हे साल जरा नीट बघा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव पडले, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. विश्वासरावांची आई गोपिकाबाई ही रास्त्यांचीच लेक. म्हणजे जावई आणि नातू दोघंही सहा महिन्यांत गेलेलं हे घर, आणि पुढच्याच वर्षाचं हे एवढं दगडी काम. शाळेत 'पानिपत म्हणजे सगळं संपलं' असं डोक्यात बसलेलं असतं. इथे उभं राहिलं की ते काही पटत नाही.

तिथून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. 'स्वदेस'मुळे (२००४) हे गाव तुम्ही पडद्यावर पाहिलेलं असणारच. घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि तिथेच एक भलीमोठी घंटा. जवळ जाऊन बघा, तिच्यावर बाळ येशू आणि मेरी आहेत! १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आल्या आणि महाराष्ट्रभर देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. मेरीचं चित्र घासून काढावं असं कुणाला वाटलं नाही, हे मला फार आवडतं.

घाटाच्या वर नाना फडणवीसांचा वाडा. गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळालं, वाडा त्यानंतरचा. आत चौकामागून चौक. सगळे तो 'नानांचा वाडा' म्हणून बघतात, पण नानांचं आयुष्य गेलं पुण्याच्या कारभारात, आणि १८०० मध्ये ते वारलेही पुण्यातच. मेणवली खरी कुणाची असेल तर ती जिऊबाईची.

जिऊबाई म्हणजे नानांची सगळ्यात धाकटी बायको. नाना गेले तेव्हा अगदी लहान पोर होती ती. नानांच्या संपत्तीवर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा, त्यामुळे नानांचा विश्वासू धोंडोपंत तिला घेऊन लोहगडावर जाऊन बसला. विचार करा, दहा-बारा वर्षांची विधवा मुलगी आणि तिच्यासाठी अख्खा किल्ला अडून बसलेला! शेवटी जनरल वेलस्लीनं (हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन) मध्यस्थी केली, तिच्या सुरक्षिततेची हमी दिली आणि वर्षाला बारा हजारांची पेन्शन ठरली. मग ती पनवेलला गेली. पेशवाई बुडाल्यावर मेणवलीत राहिली, दत्तक घेतला, घर चालवलं. पुण्यातले केवढाले वाडे जळाले, पडले. हा राहिला.

आणि वाड्याबरोबर राहिले नानांचे कागद. हेच ते 'मेणवली दप्तर'. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ते इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आणलं. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजला आला. म्हणजे वाडा बघायला वाईला जायचं आणि त्यातले कागद येरवड्याला! मोडी शिकायचं मी कधीपासून म्हणतोय... असो.

जाताना पावसाळा संपल्यावर जा. नदीला पाणी असतं आणि घाटाच्या पायऱ्याही दिसतात.