मानद

दीक्षान्त समारंभांच्या हंगामात 'मानद' हा शब्द वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा डोळ्यांखालून जातो की, त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मान देणारा तो मानद, अशी या संस्कृत शब्दाची सरळ फोड असून विष्णुसहस्रनामात तर तो प्रत्यक्ष विष्णूच्या नामांपैकी एक आहे. या हिशेबाने मानद ठरावे ते विद्यापीठ; परंतु 'ऑनररी'चा प्रतिशब्द म्हणून त्याची नेमणूक होताच, देणाऱ्याचे विशेषण दिल्या जाणाऱ्या पदवीला जाऊन चिकटले. दरबारी अमदानीतली 'खिलत', म्हणजे मानाचा पोशाख, मला अधिक रसाळ वाटते, कारण तिच्या मुळाशी असलेल्या अरबी धातूचा अर्थ अंगावरून उतरवणे असा असून, धन्याने स्वतःच्या अंगचे वस्त्र काढून सेवकाला बहाल करावे, हा तिचा मूळ संकेत. पदवीदानाचा झगा तिचा दूरचा भाऊबंदच म्हणायचा!

मानद पदवी मात्र अध्ययनाने कमवायची नसते, ती गौरवार्थ मिळते. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानद एलएल.डी. अर्पण केली, तेव्हा त्याच विद्यापीठाची, अध्ययनाने कमावलेली पीएच.डी. त्यांच्यापाशी होतीच; गणिताचे पदवीधर महर्षी कर्वे यांना मात्र बनारसने १९४२ मध्ये आणि पुण्याने १९५१ मध्ये दिलेल्या डी.लिट.मागे स्त्रीशिक्षणाची आयुष्यभराची खटपट होती.

अलीकडे हा शब्द दीक्षान्त मंडपाबाहेरही स्थिरावला असून, गृहनिर्माण संस्थेच्या पाटीवरील 'मानद सचिव' म्हणजे बिनपगारी चिटणीस, असाच अर्थ सभासद मुकाट्याने घेतात.