लेखणी आणि आसन



आजचा प्रश्न साधा आहे. लिहिणाऱ्या माणसाला योगाचा काय उपयोग? हल्ली याचं उत्तर झटपट मिळतं. पहाटे उठा, पाच मिनिटं डोळे मिटा, की प्रतिभा जागी होते! मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मला हे उत्तर पचत नाही. म्हणून आपण जरा इतिहासाला विचारू. आणि तीर्थपुरीत बसून विचारायचं तर लांब जायला नको, आपला गोदाकाठच पुरे आहे.

सुरुवात एका कोऱ्या कागदापासून करतो. चांगदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मोठे योगी. चौदाशे वर्षं जगले असं लोक सांगतात. त्यांची समाधी गोदाकाठीच, पुणतांब्याला. या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. मायना काय घालावा? वयानं लहान म्हणून 'चिरंजीव' म्हणावं, तर ज्ञानानं मोठे. 'तीर्थरूप' म्हणावं, तर वयानं पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, एवढं तप करूनही हा कोराच राहिला की! त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. तीच 'चांगदेव पासष्टी'.

ही आख्यायिका आहे, पण तिचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. ज्यानं श्वास जिंकला, त्याला एक ओळ जमली नाही. म्हणजे योग शब्द देत नाही. शब्द भाषेतून येतात, वाचनातून येतात, माणसांत वावरून येतात. हे एकदा मान्य केलं की मग खरा प्रश्न उरतो : योग देतो काय?

उत्तर देणारे ज्ञानेश्वर स्वतः नाथपंथी. गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गुरू गहिनीनाथ. म्हणजे घरात योग होताच. शके १२१२, इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिचा सहावा अध्याय काढून बघा. गीतेत योग्यानं कुठं बसावं हे थोडक्यात आटोपलंय. ज्ञानेश्वर मात्र तिथं रेंगाळतात. जागा अशी हवी की एकदा बसलं की उठावंसं वाटू नये. मग आसन, मग शरीराची बांधणी, मग श्वास. आधी बैठक, बाकी सगळं नंतर. हा क्रम लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवावा.

आता पतंजलींकडे जाऊ. योगसूत्रांत चित्ताचे नऊ अडथळे सांगितलेत. व्याधी म्हणजे आजारपण. स्त्यान म्हणजे मनाचं जडपण. मग संशय, बेफिकिरी, आळस, विषयांची ओढ, चुकीची समजूत, पायरी हाती न लागणं, आणि लागलीच तर तिच्यावर न टिकणं. कथा लिहायला बसलेल्या पोराला ही यादी वाचून दाखवा. तो म्हणेल, सर, हे तर माझंच चाललंय! पतंजली लेखकांसाठी लिहीत नव्हते. पण चित्त एका जागी धरायचं म्हटलं की अडचणी सगळ्यांच्या त्याच. पुढे ते असंही सांगतात, की या अडथळ्यांबरोबर दुःख येतं, मन खट्टू होतं, अंग थरथरतं, श्वास अनियमित होतो. म्हणजे मनाचा गोंधळ शरीरात दिसतो. त्यावर उपाय एकाच तत्त्वाचा अभ्यास. आणि अभ्यास तोच, जो पुष्कळ काळ, खंड न पाडता आणि आदरानं केला जातो.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येऊ. याच घनसावंगी तालुक्यात जांब आहे. तिथं शके १५३०, म्हणजे १६०८ साली, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. तेच पुढे समर्थ रामदास झाले. परंपरा सांगते की नाशिकजवळ टाकळीला त्यांनी बारा वर्षं साधना केली. सकाळी नदीच्या पाण्यात उभं राहून जप, रोज सूर्यनमस्कार. समर्थांची चरित्रं मागाहून लिहिली गेली, त्यामुळे त्यातल्या आकड्यांवर मी वाद घालणार नाही. पण शरीर कमावणं आणि मन कमावणं त्यांनी वेगळं मानलं नाही, याला पुरावा त्यांच्याच ग्रंथात आहे.

दासबोधाचा एकोणिसावा दशक, पहिला समास. नाव 'लेखनक्रियानिरूपण'. लोक दासबोध पारायणाला घेतात आणि हा समास भरभर वाचून पुढं जातात. इथं समर्थ चक्क अक्षर कसं काढावं ते सांगतात. अक्षर वाटोळं, मोकळं, काळंभोर असावं. ओळीला ओळ लागू नये. पानावर आधी रेघा आखून घ्याव्यात, भोवती जागा सोडावी. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. माझ्यासारख्याला हे चांगलंच पटतं! कागद, बोरू, सुऱ्या, कातऱ्या, सगळ्याची तजवीज सांगितलीय.

पण त्यातलं एक मागणं विलक्षण आहे. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत असावं, सगळा ग्रंथ एकाच टाकानं लिहिल्यासारखा वाटावा. विचार करा, हजारो ओव्यांच्या ग्रंथात हे कसं साधायचं? पाठ वाकली, मान आखडली, श्वास उथळ झाला, की अक्षर तिथंच सांगतं. म्हणून याच समासात समर्थ बजावतात, शरीराला पुष्कळ कष्ट द्यावेत आणि मागे कीर्ती उरवावी. इथं ते आसनं शिकवत नाहीत, हे खरं. पण स्थिर बैठक, सम गती, टिकलेलं लक्ष, हे सगळं ते लेखनाकडून मागतात. माझ्या मते हा लिहिणाऱ्याचा योगच आहे.

आणि हे करून दाखवणारा माणूसही होता. दासबोध कल्याणस्वामींनी लिहून घेतला, असं परंपरा मानते. त्यांच्या हातची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्याच आधारे दासबोध छापला. हेच कल्याण सज्जनगडावर खालून पाणी वाहून आणत. त्यांचे म्हणून मोठे हंडे तिथं आजही दाखवतात. पाण्याचे हंडे वाहणारा हात आणि बोरू धरणारा हात एकच, हे आपण विसरलो.

योगाकडे डोळस पाहणारेही महाराष्ट्रात झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजायला घेतले. 'योगमीमांसा' नियतकालिकातून ते छापलेही. ऐकीव गोष्ट तपासून घ्यायची, ही शिस्तही आपलीच. तेव्हा योगानं साहित्यिक घडतो असं कुणी म्हणालं, तर पुरावा मागा.

मग मुलांनी काय करावं? लिहिण्याची एक जागा आणि एक वेळ ठरवा. बसण्याआधी थोडे सूर्यनमस्कार घाला, पाठ-खांदे मोकळे करा. दोन-चार मिनिटं श्वास संथ होऊ द्या. श्वास कोंडण्याचे प्रकार जाणत्याशिवाय करू नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मग लिहा. वाईट आलं तरी ठरल्या वेळेआधी उठू नका. उद्या पुन्हा बसा. कालचं वाक्य आज फसवं वाटलं तर निर्विकारपणे खोडा. पतंजली अभ्यासाबरोबर वैराग्य सांगतात. लेखकाचं वैराग्य म्हणजे स्वतःचं आवडतं वाक्य खोडता येणं.

हे मी का सांगतोय? २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. लेकरांसारखी वाढवलेली झाडं लोकांनी स्वतः तोडली. दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात. हे आतून पाहिलेली मुलं याच गावांत आहेत, त्यांच्याकडे भाषाही आहे. पण वह्या चार पानांवर थांबतात. 'माझ्यात प्रतिभा नाही' असं म्हणून ती लिहिणं सोडतात. मला वाटतं, बहुतेकांना प्रतिभा कमी पडत नाही, बैठक कमी पडते. आणि बैठक कमावता येते, ती जन्मानं मिळत नाही. तिला पैसा लागत नाही, पुण्या-मुंबईची ओळख लागत नाही. ज्यांनी पाहिलं ते बसले नाहीत, तर ही हकिगत दुसरं कुणीतरी लांबून आणि चुकीची लिहील.

एवढं बोलतो आणि थांबतो.